निळ्या स्ट्रॅटची जन्मतारीख : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

आज ॲनाहाइमला मावशींकडे जाऊन गिटार घेऊन आले. मावशी नात्याच्या नाहीत, पण कॅलिफोर्नियात आल्यापासून मी त्यांना मावशीच म्हणते. काकांना जाऊन दीड वर्ष झालं. पलंगाखालून काळी केस बाहेर काढली, वर धुळीचा थर, आत फेंडर कंपनीची इलेक्ट्रिक गिटार, स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट. निळी. चांदीची बारीक भुकटी मिसळल्यासारखी चमक असलेला निळा, म्हणजे फेंडरच्या रंगतक्त्यातला लेक प्लॅसिड ब्लू किंवा त्याच्या जवळचा.

काका लॉस एंजेलिसला शिकत होते तेव्हा, नोव्हेंबर १९७१ मध्ये, त्यांनी ती एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. पावती अजून केसच्या खणात आहे. हाताने लिहिलेली: स्ट्रॅट, निळी, वापरलेली, १७५ डॉलर.

मावशींना ही गिटार पुण्याला भाचीच्या मुलीला द्यायची आहे. ती शिकते. पण मध्येच त्यांच्या भाच्यानं गिटारच्या पाठीवरच्या प्लेटचा नंबर पाहून "ही १९६४ ची, रंग फॅक्टरीचा, हिची किंमत तुला माहीत नाही आत्या" असं सांगितलं आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे. द्यावी, ठेवावी, की विमा उतरवावा? "अगं, तू एकदा उघडून नीट बघ आणि मला कागदावर लिहून दे," म्हणाल्या. "यात माहेरचं काय आणि सासरचं काय, तेवढं सांग."

हे दोन शब्द मी तिथेच उचलले. या नोंदींत जो भाग फेंडरच्या फुलर्टनच्या कारखान्यातून गिटारबरोबर निघाला तो माहेरचा, नंतर कुणी बसवला तो सासरचा.

४ फेब्रुवारी, रविवार

नंबर. नेक (गिटारची मान) आणि बॉडी (धड) जिथे जुळतात तिथे मागच्या बाजूला चार स्क्रूंची चौकोनी प्लेट असते, तिच्या वरच्या कडेला ठोकलेला: आधी एल, मग पाच आकडे. पहिला आकडा ५. पुढचे आकडे या वहीत आहेत, पण कुणाला फोटो पाठवताना मी शेवटचे तीन झाकते. खरा नंबर हाती लागला की तोच दुसऱ्या प्लेटवर ठोकून विकणारे लोक आहेत.

भाच्याला जे सापडलं ते चुकीचं नाही. फेंडरनं १९५४ पासून नंबर या प्लेटवर टाकायला सुरुवात केली. १९६२ च्या शेवटापासून एल आला आणि १९६५ पर्यंत चालला. सांगतात असं, की आकडा एक लाखावर गेला तेव्हा पुढे १ ठोकायच्या जागी एल ठोकला गेला. १९६५ च्या उत्तरार्धात प्लेटवर मोठा एफ आला आणि नंबर सहा आकडी झाले. १९७६ पासून नंबर प्लेट सोडून हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या टोकाच्या खुंट्यांच्या भागावर, गेला. मग त्यापुढे दशकाचं अक्षर, सत्तरीला एस, ऐंशीला ई, नव्वदीला एन. या हिशेबानं एल ५ म्हणजे १९६४ च्या आसपास.

पण "आसपास" हाच शब्द खरा. त्या प्लेट्स कारखान्यात खोक्यात पडलेल्या असत आणि हाताला येईल ती उचलून बसवली जाई. स्ट्रॅट, टेली, जॅझमास्टर, बेस, फेंडरच्या सगळ्या प्रकारांना नंबरांची एकच माळ. त्यामुळे लहान नंबर नंतरच्या गिटारवर आणि मोठा आधीच्या गिटारवर सर्रास सापडतो. लोक या नंबराला सातबारा समजतात. तो सातबारा नाही. चार स्क्रू काढले की प्लेट हातात येते आणि दुसऱ्या गिटारवर बसते.

हे मी पुस्तकी म्हणून लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वी एका मित्रानं गिटार घेताना मला प्लेटचा फोटो पाठवला आणि मी नंबर बघून "हो, ६३ ची आहे" असं कळवलं. त्यानं पैसे भरले. सहा महिन्यांनी नेक काढला तर आत ऐंशीच्या दशकातल्या रीइश्यूचा, म्हणजे जुन्या नमुन्यावरून नव्यानं काढलेल्या गिटारचा, शिक्का. प्लेट खरी होती, तिच्याखालची गिटार वेगळी. दुकानानं हात झटकले. त्याचे पैसे माझ्या एका वाक्यानं गेले हे मी विसरलेले नाही. म्हणून या वेळी नंबर सगळ्यात शेवटी. आधी गिटार बोलू दे.

नेमका हाच काळ विकणाऱ्यांना हवा असतो, त्याला कारण आहे. जानेवारी १९६५ मध्ये संस्थापक लिओ फेंडरनं कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलरला. त्याआधीच्या गिटारला बाजारात "प्री-सीबीएस" म्हणतात आणि केवळ या एका शब्दानं किंमत उडी मारते. एलची प्लेट ६६ किंवा ६७ च्या बॉडीवर चढवण्यात त्यामुळेच फायदा आहे.

७ फेब्रुवारी, बुधवार

कामावरून आल्यावर तासभर. स्क्रूला हात न लावता, फक्त बाहेरून.

हेडस्टॉक लहान, बरोबर. मोठा १९६५ च्या शेवटी आला. फेंडर हे नाव बारीक सोनेरी, शेवयांसारख्या रेषेत, ज्याला सगळे स्पॅगेटी लोगो म्हणतात. १९६४ च्या मध्यानंतर त्या जागी जाड सोनेरी लोगो येतो. नावाखाली पेटंटचे आकडे, त्यात ट्रेमोलोचं (सूर हलवणाऱ्या दांडीच्या यंत्रणेचं) १९५६ चं २,७४१,१४६ भिंगाखाली वाचता आलं. फ्रेटबोर्डवरचे (नेकवर बोटं दाबायच्या पट्टीवरचे) ठिपके मळकट, मातीच्या रंगाचे, चमक नाही. त्यांना क्ले डॉट म्हणतात. १९६४ संपता संपता ते जाऊन शिंपल्यासारखे चमकणारे ठिपके आले. बाराव्या फ्रेटवरचे दोन ठिपके एकमेकांच्या जवळ, म्हणजे ६३ नंतरचे. फ्रेटबोर्डच्या रोजवूड लाकडाचा थर पातळ आणि खालून वळणदार. ६२ च्या मध्यापर्यंत तो जाड आणि सपाट असे.

दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारला. नेकची पाठ सलग पिवळट हिरवी उजळली. जुनं नायट्रो लॅकर, म्हणजे लाकडावरचा चमकदार लेप, असंच उजळतं आणि मध्ये डागडुजी असेल तर तिथे काळा डाग दिसतो. इथे डाग नाही. बॉडी मात्र तशी उजळली नाही. मंद, गढूळ. नेक आणि बॉडी एकाच घरात इतकी वर्षं राहून उजेडाला वेगळं उत्तर देतायत. इथेच मला पहिली शंका आली.

१० फेब्रुवारी, शनिवार

नेक काढला. तारा एकदम न सोडता आलटून पालटून सैल केल्या, मग चार स्क्रू. स्क्रूची भोकं चारच, स्वच्छ, बाजूला बुजवलेलं काही नाही. नेक वर उचलताना कोंदलेल्या लाकडाचा वास आला.

नेकच्या बुडाला शिक्का. शाई फिकी पण सलग: आधी २, मग इंग्रजी एप्रिलची तीन अक्षरं, मग ६४, मग बी.

फोटो भाच्याला पाठवला. लगेच फोन. "म्हणजे २ एप्रिल १९६४! वाढदिवस सापडला!" त्याला समजावून सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते, कारण ही चूक जाणती माणसंसुद्धा करतात. पुढचा २ म्हणजे तारीख नव्हे. तो नेकच्या प्रकाराचा आकडा आहे, २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, ३ टेलिकास्टर, ४ जॅझमास्टर. म्हणून त्या काळच्या सगळ्याच स्ट्रॅट महिन्याच्या दोन तारखेला जन्मल्यासारख्या दिसतात. शेवटचा बी म्हणजे नटपाशी, तारा नेकच्या वरच्या टोकाला टेकतात तिथे, नेकची रुंदी, १ पूर्णांक ५/८ इंच. मी मोजली, बरोबर आहे. शिक्का सांगतो तो महिना आणि वर्ष, तेही नेक तयार झाल्याचं. त्यानंतर नेक कधी कुठल्या बॉडीवर बसला ते शिक्क्याला ठाऊक नाही. आठवड्यांनी बसला असेल, महिन्यांनीही.

हे शिक्के साधारण १९६२ पासूनचे. त्याआधी कामगार पेन्सिलनं तारीख लिहीत.

नेक पॉकेटचा, म्हणजे बॉडीत नेक बसतो त्या खाचेचा, तळ बघितला आणि जागीच थांबले. त्याबद्दल नंतर, आधी पिकगार्ड, म्हणजे बॉडीच्या दर्शनी बाजूचं प्लॅस्टिकचं झाकण, काढायचा आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

पिकगार्ड. अकरा स्क्रू. जुन्या अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांना आकडे घातले आणि ज्या जागेचा स्क्रू त्या खळग्यात. सगळे एकाच वाटीत टाकले तर कुठला स्क्रू कुठल्या भोकात वर्षानुवर्षं बसलेला होता हा पुरावा जातो. दहा स्क्रूंची डोकी सारखी पिवळट, निकेल उडालेली. आवाजाच्या बटणाजवळचा एक लख्ख.

पिकगार्ड तीन थरांचा, वरचा थर आता पांढरा राहिलेला नाही, पुदिन्यासारखा हिरवट. हा सेल्युलॉइड. वयानं आकसतो आणि आकसताना स्क्रूपाशी तडकतो. पुढच्या पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी वेटोळ्याच्या) कोपऱ्यात आधीचीच एक बारीक चीर आहे, ती वाढू नये म्हणून त्या बाजूचा स्क्रू सगळ्यात शेवटी काढला. १९६५ मध्ये फेंडरनं पांढरं प्लॅस्टिक घेतलं, त्याला असा हिरवा रंग चढत नाही.

आता आतल्या वायरी. मेणकापडाच्या, मागे सरकवून जोडायच्या. कपॅसिटर चपटी तपकिरी टिकली, ०.१ मायक्रोफॅरड. दोन टोन पॉट्सवरचं (पॉट म्हणजे बटणाखालचा फिरता विजेचा भाग) सोल्डर राखाडी, निस्तेज, कुणी हात न लावलेलं. आवाजाच्या पॉटवर मात्र चकचकीत गोळा आणि बाजूला जळल्याचा डाग.

पॉटच्या पाठीवर किंवा कडेला आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन बनवणाऱ्याचे, मग दोन वर्षाचे, मग दोन आठवड्याचे. ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. दोन टोन पॉट्स: ३०४ ६३ ४६. स्टॅकपोल, १९६३ चा ४६ वा आठवडा, म्हणजे नोव्हेंबरचा मध्य. एप्रिल ६४ च्या नेकबरोबर चपखल. तिसरा: १३७ ७० १२. सीटीएस, १९७० चा बारावा आठवडा, मार्च. हा सासरचा.

आवाजाचं बटण सगळ्यात जास्त फिरतं, सगळ्यात आधी खरखरतं. कुणीतरी १९७० च्या वसंतानंतर हा बदलला. आणि काकांनी गिटार नोव्हेंबर १९७१ मध्ये घेतली. काकांनी स्वतः कधी उघडली नव्हती, मावशी शपथेवर सांगतात. त्यांना सोल्डरिंगची भीती होती. म्हणजे पॉट बदलला तो आधीच्या मालकाच्या काळात.

पिकअप्स तिन्ही उलटे करून पाहिले. तळाची फायबरची पट्टी करडी. १९६४ च्या वसंतापर्यंत ती काळी असे, मग करडी झाली. तारही त्याच सुमारास बदलली; इथली गडद जांभळट झाक असलेली, जुन्या फॉर्मवार लेपाच्या तारेसारखी तांबूस सोनेरी नाही. मधल्या पिकअपवर पेन्सिलनं ५-६-६४. आपण हे ५ जून वाचतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, हा ६ मे. मल्टिमीटरवर तिघेही ५.६ ते ६ किलोओहमच्या मध्ये. कुणी पुन्हा गुंडाळलेले वाटत नाहीत.

तर आतून मिळालेला सगळ्यात उशिराचा माहेरचा पुरावा ६ मे १९६४. गिटार त्याआधी पुरी झालेली असू शकत नाही. पॉटचे आकडे वाचताना हे विसरता कामा नये, की सुटा भाग "याच्या आधी नाही" एवढंच सांगतो. फेंडरनं १९६६ मध्ये सीटीएसचे पॉट्स इतके घेऊन ठेवले की १९६९ च्या गिटारमध्येही ६६ चे आकडे निघतात. केवळ पॉट बघून गिटारचं वय सांगणारा तीन वर्षांनी चुकतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज पूर्ण दिवस रंगावर. आठवडाभर डोक्यात तेच होतं.

नेक पॉकेट. १९६२ च्या शेवटापासून कारखान्यात रंग फवारताना बॉडी धरायला नेक पॉकेटमध्ये एक पट्टी स्क्रूनं बसवत. रंग झाला की पट्टी काढत आणि तिच्याखालची जागा कोरी राही. ती कोरी पट्टी म्हणजे अंगावरची जन्मखूण. मावशींच्या गिटारमध्ये ती पट्टी दिसत नाही, सगळा तळ निळा आहे. पण टेबललॅम्प आडवा धरला, उजेड तळाला घासून जाईल असा, तेव्हा निळ्याखाली तिची कड उठून आली. नखाला लागते. पट्टी होती, तिच्यावरून निळा गेला.

मागच्या बाजूला, पट्ट्याच्या बकलनं रंग उडालेला आहे तिथे भिंग धरलं. वर निळा, मग करडा प्रायमर, मग काळा, मग पिवळा, मग आल्डरचं लाकूड. काळा आणि पिवळा म्हणजे सनबर्स्ट: मध्ये पिवळा, कडेला काळा.

इथेच थांबून "पुन्हा रंगवलेली" असं लिहून टाकायचा मोह होता. पण फेंडरचा कारखाना स्वतःही कधी कधी तयार सनबर्स्ट बॉडीवर ऑर्डरचा रंग चढवत असे. निळ्याखाली सनबर्स्ट आहे, एवढ्यानं कारखान्याचा निळा खोटा ठरत नाही. भाच्यानंही फोनवर हाच मुद्दा काढला, आणि त्याचा मुद्दा बरोबर होता.

मग खिळ्यांची भोकं शोधली. १९६४ च्या शेवटापर्यंत फेंडरमध्ये रंगाआधी बॉडीच्या दर्शनी बाजूला बारीक खिळे ठोकत, म्हणजे ओली बॉडी टेबलाला न चिकटता त्या खिळ्यांच्या पायांवर उभी राही. रंग वाळला की खिळे उपटायचे. भोकं अशा जागी, की पुढे पिकगार्डखाली लपतील. सगळा रंग होईपर्यंत भोकात खिळा असतो. म्हणून कारखान्याचा रंग, मग तो सनबर्स्ट असो, निळा असो की सनबर्स्टवर चढवलेला निळा, भोकाच्या आत जाऊच शकत नाही. आत कोरं लाकूड दिसायला हवं.

पहिलं भोक सापडायला वीस मिनिटं लागली, कारण ते भोक राहिलेलंच नव्हतं. वरच्या शिंगाजवळ निळ्या रंगात सुईच्या टोकाएवढी खळगी. लाकडी दातकोरणी टेकवली तर आत जात नाही. लांबी (पुट्टी) भरून घासून वर रंग मारलाय. दुसरं कंट्रोल कॅव्हिटीच्या, म्हणजे बटणांखालच्या पोकळीच्या, काठाशी: हे उघडं आहे, पण टॉर्चच्या उजेडात आतली भिंत निळी. तिथे मी भिंग खाली ठेवलं. रंग भोकात उतरलाय, म्हणजे फवारणीच्या वेळी तिथे खिळा नव्हता, म्हणजे बॉडी कारखान्यातून बाहेर पडून, खिळे निघून, पुढे कधीतरी रंगली. तिसरं भोकही निळं.

गिटार सनबर्स्ट जन्मली. निळा सासरचा.

रंगवणाऱ्याचं काम हलकं नाही, हेही लिहायला हवं. दोन्ही शिंगांच्या कडा घासून थोड्या गोल झाल्यात, पण फवारा एकसारखा आहे. गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमधला हात असावा. फेंडरचा लेक प्लॅसिड ब्लूसुद्धा मुळात कॅडिलॅक मोटारींचा, ड्युपॉन्ट कंपनीचा ल्युसाइट रंग.

१८ फेब्रुवारी, रविवार

रंग कधीचा? पावतीत "निळी" आहे, म्हणजे नोव्हेंबर ७१ च्या आधीचा. रंगवायला पिकगार्ड काढावाच लागतो. आवाजाचा पॉट मार्च ७० किंवा त्यानंतरचा, आणि त्याच्या शेजारच्या स्क्रूखालच्या भोकाच्या तोंडाशी निळा रंग कोरडा, नवीन स्क्रूनं फोडलेला. बाकी दहा स्क्रू जुने. दोन्ही कामं एकाच वेळी झाली असावीत. वसंत ७० ते शरद ७१ या दीड वर्षात कुणीतरी ही गिटार उघडून निळी केली, आवाजाचं बटण बदललं आणि मग विकली.

आता प्लेट. अंकांचं वळण आणि एलची जागा त्या काळच्या प्लेट्सच्या फोटोंशी जुळते. नंबर एप्रिलचा नेक आणि मेचा पिकअप यांच्याशी नांदतो. पण प्लेटचा ठसा बॉडीवर उठलाय तो निळ्या रंगात, म्हणजे ती इथे ७०-७१ पासून बसली आहे याचाच तो पुरावा. त्याआधीचा ठसा घासला गेला. म्हणून अहवालात लिहीन: काळाशी जुळते, जन्मापासूनची असल्याचं सिद्ध करता येत नाही. एवढं लिहायला मला दोन तास लागले, पण मित्राच्या गिटारच्या वेळी नेमकं हेच वाक्य मी लिहायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी, बुधवार

न्यू जर्सीहून मैत्रिणीचा फोन. तिच्या दिरानं गिब्सन, म्हणजे दुसऱ्या कंपनीची गिटार, घेतली, नंबर वाचून दाखवला: ८०९६७५२३. हा सोपा. गिब्सनचे १९७७ पासूनचे आठ आकडे: पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, ८ आणि ७, म्हणजे १९८७. मधले तीन वर्षातला दिवस, ०९६ म्हणजे ६ एप्रिल. शेवटचे तीन पाचशेच्या वर म्हणजे नॅशव्हिल; कलामाझूचा जुना कारखाना १९८४ मध्येच बंद झाला होता. इथे नंबर खरंच तारीख सांगतो, म्हणूनच लोकांना वाटतं की सगळेच सांगतात. तिला म्हटलं, हीच गिब्सन साठच्या दशकातली असती तर फोनवर एक अक्षर बोलले नसते. १९६१ ते ६९ मध्ये त्यांनी तेच नंबर पुन्हा पुन्हा ठोकलेत. तिथे पॉट आणि पिकअपच्या तळाचं लेबल बघावं लागतं, आणि त्या लेबलवरचं २,७३७,८४२ हे पेटंटही पिकअपचं नाही, लेस पॉलच्या टेलपीसचं आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

जोडणी. सासरचा पॉट काढला नाही. चांगला चालतोय आणि त्याच्या पाठीवरची तारीख आता या गिटारच्या इतिहासाचा भाग आहे. सोल्डरला हात लावला नाही. खळग्यांच्या आकड्यांप्रमाणे स्क्रू परत त्याच भोकांत, चीर असलेल्या कोपऱ्यातला फक्त टेकेल इतपत. लख्ख स्क्रूही त्याच्याच जागी.

दुपारी मावशींना घेऊन फुलर्टन म्युझियम सेंटरला गेले. तिथे लिओ फेंडरचं दालन आहे. १९३८ मध्ये याच गावात त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, शिक्षणानं तो हिशेबनीस. मावशी एका सनबर्स्ट स्ट्रॅटसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांना मी अजून काही सांगितलेलं नव्हतं.

२ मार्च, शनिवार

अहवाल दिला. तीन पानं, मराठीत, सोबत फोटो.

मावशींनी सगळं वाचलं. रंगाच्या परिच्छेदावर आल्या आणि चष्मा काढला. "म्हणजे यांना त्या दुकानानं फसवलं?"

नाही. मी त्यांना पावती पुन्हा दाखवली. त्यावर "निळी, वापरलेली" आहे, फॅक्टरीचा रंग असा शब्द कुठेच नाही. १९७१ मध्ये सात वर्षं वापरलेली स्ट्रॅट ही जुनी गिटार होती, ठेवा नव्हे. माणसं मोटारसायकल रंगवावी तशी गिटार आवडीच्या रंगात रंगवून घेत. कुणी खोटेपणा केला नाही. "फॅक्टरीचा निळा" हे पुढे घरात बोलता बोलता रुजलं असणार. मावशी म्हणाल्या, "हे तसं कधी म्हणाले नाहीत. आम्हीच म्हणत गेलो."

किमतीचंही सांगितलं. रंग बदललेल्या गिटारला बाजार साधारण निम्मी किंमत देतो. नेक, पिकअप, वायरी आणि पिकगार्ड माहेरचे असल्यामुळे तरीही विमा उतरवण्याइतकी नक्की आहे. भाचा जरा हिरमुसला. त्यालाच मी खिळ्याचं भोक भिंगातून दाखवलं, तो बराच वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "हे नंबरात कुठे दिसणार होतं!"

पुण्याला पाठवायच्या आधी एक काम बाकी. त्या काळच्या फेंडरच्या फ्रेटबोर्डाला ब्राझिलियन रोजवूड असे, आणि ते १९९२ पासून साइट्स करारातल्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. पुढे कारखाना भारतीय रोजवूडकडे वळला, म्हणजे आपल्या सह्याद्रीतही वाढतं ते शिसव. पण ही गिटार ६४ ची. कराराआधीची वस्तू असल्याचं प्रमाणपत्र अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याकडून घेतल्याशिवाय ती सीमेपार न्यायची नाही. नेकच्या शिक्क्याचा आणि पिकअपवरच्या तारखेचा फोटो अर्जाला जोडला. प्लेटचाही जोडलाय, तिसऱ्या क्रमांकावर.

निघताना मावशींनी केस पुन्हा उघडायला लावली. खणातली पावती काढली, उलटी केली आणि मागे बॉलपेननं आपल्या अक्षरात लिहिलं: "निळा रंग आमच्या आधीचा आहे. आवाजाचं बटणसुद्धा. बाकी सगळं माहेरचं." प्लेटबद्दल लिहू का, म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "प्रश्नचिन्ह घाला." त्यांनी "प्लेट" लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि पावती घडीवर घडी घालून जागेवर ठेवली.